निळ्या डब्यातली तुळस

ते प्रकरण छोटं होतं, तरी मनातून उतरत नाही. पोलीस दल सोडून मला दोन वर्षं झाली. प्रकरण घडलं तेव्हा मी परळ भागात उपनिरीक्षक होते.

लालबागच्या चाळीतल्या एक काकू अर्ज घेऊन आल्या. त्या जेवणाचे डबे द्यायच्या. टीबीतून बऱ्या झाल्या होत्या. घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आता टीबीवरची एक जाहिरात चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. नाव वेगळं, बाई वेगळी, पण गोष्ट काकूंचीच.

"लोक भांडत पण नाहीत मॅडम," त्या म्हणाल्या. "नुसतं सांगतात, उद्यापासून डबा नको."

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला: काकूंवर उपचार झाले त्या हॉस्पिटलमधली एक आया पेशंटची माहिती बाहेर देते. आया कंत्राटावर होती. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. वेळ वाचावा म्हणून मी गणवेशातच वॉर्डात गेले. अर्धा तास तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. खाटांवरचे पेशंट ऐकत होते.

"मी फायली नुसत्या उचलून देते, ताई. वाचता कुठे येतं मला?"

मी विश्वास ठेवला नाही.

मग काकूंचा पुरवणी जबाब घ्यायला चाळीत गेले. दारात रंगाच्या निळ्या डब्यात तुळस होती. जाहिरातीतही तसाच डबा होता. हॉस्पिटलच्या फायलीत तुळस नसते.

"काकू, घरी कोण आलं होतं?"

"एक मॅडम. दोन तास माझं ऐकत बसल्या. पोरांनी पण एवढं ऐकलं नाही कधी. जाताना सही घेतली. मला वाटलं, हॉस्पिटलचंच काम."

जाहिरात कुणी केली ते मी शोधून काढलं. त्या मॅडम जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये भेटल्या. आरोग्याच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीत स्ट्रॅटेजी हेड. रुग्णाच्या मनात काय चाललंय ते शोधायचं आणि त्यावरून जाहिरात काय बोलेल ते ठरवायचं, हे त्यांचं काम.

"नाव, चेहरा, सगळं बदललंय आम्ही."

"आणि तुळस?"

"तेवढं खरं ठेवलं. नाहीतर लोकांना पटलं नसतं."

त्यांनी चार पानी संमतिपत्र पुढे केलं. इंग्रजीत. मी इंग्रजी शाळेतली, सहज वाचलं. खाली काकूंची मराठी सही. मला त्यात गुन्हा सापडला नाही. जाहिरात मागे घ्यायला त्या तयार झाल्या. बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही. अर्ज निकाली निघाला.

आयाला मात्र कामावरून काढलं होतं. ठेकेदाराला पोलीस आल्याचं कळणं पुरेसं झालं. फोन कुणी केला ते कळलं नाही.

ती ठाण्याच्या दारात आली. "मी काही केलं नाही असं लिहून द्या ना, ताई."

असा दाखला देण्याची पद्धत नाही. तरी मी साध्या कागदावर लिहून सही केली. ती घडी घालायला लागली, तेव्हा मी कागद परत मागितला आणि तिला एकेक ओळ वाचून दाखवली. या प्रकरणातून मी एवढंच शिकले.

तिच्या जागी दुसरी बाई आधीच लागली होती.