शुक्रवारची पावलं

आता तुमच्यापासून काय लपवू? तीन महिने अख्ख्या भिवंडीत माझ्याइतकं कुणी चाललं नसेल! निदान घड्याळ तरी तसंच म्हणत होतं.

मी पॉवरलूमचा जॉबर. कापड विणणारा लूम बिघडला की दुरुस्त करायचा, हे माझं काम. वजन ब्याण्णव, शुगर काठावर. डॉक्टर म्हणाले, "पोटातले चांगले जंतू जपा. ताक, दही, भाज्या, डाळी खा. गोड बंद. रोज दहा हजार पावलं चाला. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर गोळ्या सुरू!"

गोळ्यांची मला भयंकर भीती. वडिलांचा गोळ्यांचा डबा जेवणाच्या डब्याहून मोठा होता!

मुलीने पावलं मोजणारं घड्याळ दिलं. पहिल्याच दिवशी अठरा हजार! मी हवेतच. मग दह्यात दोन चमचे साखर पडू लागली. जंतूंनाही चव नको का? वर दोन जिलेब्या, बक्षीस म्हणून.

कारखान्यात माझा भाव वधारला. कारागीर रफीक विचारायचा, "उस्ताद, इतना चलते कब हो?"

"काम करते करते हो जाता है!"

बायको सुनंदा मात्र माझ्या पोटाकडे बघायची. "अवो, एवढं चालता, तर ह्ये कमी का न्हाय होत?"

"स्नायू आहेत ते!"

तीन महिन्यांनी सुनंदाला घेऊन तपासणीला गेलो. शुगर वाढलेली, वजन चार किलो जास्त! डॉक्टर चक्रावले. त्यांनी मोबाईलवर माझी पावलं पाहिली.

"रोज अठरा हजार. पण दर शुक्रवारी सहाशेच?"

"शुक्रवारी कारखाना बंद ना. लूम बंद असतात."

"लूम बंद, मग तुम्ही का बंद?"

माझी नजर घड्याळावर गेली. कारण मंडळी, लूमचा बिघाड हाताला कळतो. म्हणून मी दिवसभर स्टुलावर बसून डावा हात चालू लूमवर टेकवून असतो. धडधड, धडधड! आणि घड्याळ कुठल्या हाताला? डाव्या!

हे मी कबूल करताच सुनंदा हसून हसून खुर्चीवरून घसरली. "डॉक्टर, त्या लूमची शुगर तपासा. बिचारा चालून चालून खंगला आसंल!"

गोळ्या सुरू झाल्याच. लाज वाटली, पण हसूही आवरेना.

आता मी खरंच चालतो. काल साडेतीन हजारांतच दम लागला, म्हणून कारखान्यात येऊन धपकन स्टुलावर बसलो. रफीकला एव्हाना सगळी गंमत कळली होती. तो हळूच लूमच्या बटणाकडे गेला.

"उस्ताद, बाकी के कदम इससे चलवा दूँ?"