रिकामं फडताळ

सगळ्या देशाला पुढच्या वर्षी कुठलं औषध किती लागेल, हे राजधानीत, लिलाँग्वेच्या आमच्या कचेरीत ठरतं. ठरवतो संगणक, पण वेलिंग्ज कम्तुकुलेचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. वेलिंग्ज बावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, शर्टाचं वरचं बटणही कधी न उघडणारा. माझं टेबल त्याच्या शेजारी, त्यामुळे त्याचा एकुलता एक मंत्र मला पाठ आहे.

संगणक मागच्या खपावरून पुढचा अंदाज बांधतो. एखाद्या दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्यांचा खप शून्य दिसला, की खुशाल सांगतो, इथे गरज नाही. मग वेलिंग्ज चष्मा पुसत म्हणतो, "शून्य म्हणजे गरज नाही असं नव्हे. आधी विचारा, फडताळात माल होता का?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

दरवर्षी तळ्याकाठच्या लॉजवर सगळ्या जिल्ह्यांची माणसं जमतात आणि पडद्यावरच्या आकड्यांवरून भांडतात. डोंगराकडून एस्नाट काचाले यायची. औषधभांडार सांभाळणारी, विधवा, जिभेनं तिखट. वेलिंग्ज तिच्यासाठी पंख्याखालची खुर्ची धरून ठेवायचा, आपल्या ताटातला चांबो मासा तिच्या मक्याच्या पिठाच्या न्सिमाशेजारी सरकवायचा. आणि बोलायचा काय, तर गोळ्यांबद्दल.

यंदा कळलं, तिची बदली पार उत्तरेला झालीय, तिथून सभेला दुसरंच कुणी येतं, म्हणजे पुढच्या वर्षीपासून ती दिसणार नाही. शेवटच्या दिवशी चहाला मी त्याला गाठलं.

"आज बोल. नाहीतर बस जन्मभर चष्मा पुसत."

"काय बोलू? माझा मागचा खप शून्य, पुढचा अंदाजही शून्यच."

असा संताप आला, की हातातला समोसा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

चहानंतर नेमकी तिच्याच दवाखान्याची ओळ पडद्यावर आली. गोळ्यांचा खप शून्य. एक नवा साहेब म्हणाला, "मग यांना कशाला द्यायच्या?" वेलिंग्जनं सवयीनं मंत्र म्हटला. एस्नाट उठली.

"खरं आहे. पाठवल्याच नाहीत, तर खपणार कुठून? पोरं तापानं फणफणत होती." मग त्याच्याकडे वळून, "अहो कम्तुकुले, हा नियम गोळ्यांनाच, की माणसांनाही?"

वेलिंग्जनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"माणसांनाही," तो पुटपुटला.

"मग मामाला कधी पाठवताय?"

आमच्याकडे मागणी घालायला मामाच जातो. पण वेलिंग्जच्या तोंडून गोळ्यांबद्दलचं सवयीचंच उत्तर निघालं, "मागणी नोंदवल्यापासून नऊ महिने."

"का? मामा जहाजानं येणार आहे?"

पुढच्याच शनिवारी तो तिच्या घरी गेला, एक नव्हे, दोन मामा घेऊन. "एक ऐन वेळी आजारी पडला तर? राखीव नको?" म्हणाला. मीही गेले, राहवतंय कुठे.

थोरला मामा अंगणात रीतीप्रमाणे म्हणाला, "आमच्या कोंबड्याला तुमच्याकडे एक कोंबडी दिसली."

एस्नाटचा भाऊ खवचट. "आणि बावन्न वर्षं तुमच्या कोंबड्याला गरजच नव्हती वाटतं?"

थोरला मामा अडखळला. राखीव मामा खाली बघू लागला. नवऱ्यानं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, पण वेलिंग्ज उठून उभा राहिला. चष्मा न पुसता म्हणाला,

"गरज रोज होती. फडताळ रिकामं होतं."

मी हसायला गेले होते. रुमालानं डोळे पुसत बसले.