साडभाऊंची दीर्घिका

अनसिंग ते केनवड या टापूत भाजी पिकवणारे शेकड्यांनी आहेत, पण वांग्याच्या वाफ्यात उभं राहून आकाशातल्या एका दीर्घिकेची रोज चौकशी करणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. मी वाशीमच्या शाळेत मराठी शिकवतो म्हणून चिडला की तो मला मास्तर म्हणतो. त्याची लेक वैशाली पुण्याला तारे शिकायला गेली, तेव्हापासून या माणसाचं मळ्यात कमी आणि अंतराळात जास्त लक्ष असतं. इतर बाप पोरीला जेवलीस का विचारतात. हा विचारायचा, "तुयी दीर्घिका काय म्हणून राह्यली? बरी हाये ना?" मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायकांना दीर्घिका ही वैशालीची खोलीतली मैत्रीण वाटायची.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. वैशालीची दीर्घिका अगडबंब, हजारभर दीर्घिकांच्या झुंडीत मधोमध बसलेली. पण पोरीला मधल्या झगमगाटाचं काही पडलं नव्हतं. पार कडेला, जिथे उजेड विरत जातो तिथले तारे किती वेगानं पळतात, ते ती मोजायची. साडभाऊंनी हे इतक्यांदा वदवून घेतलं की त्यांना ते पाठ झालं, आणि मग पंचक्रोशीची धडगत राहिली नाही. धनजला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताटाच्या मध्ये जिलबी ठेवली, भोवती बुंदीचे दाणे लांबलांब पसरले आणि शेजारच्या व्याह्यांना कडेचे तारे समजावू लागले. तेवढ्यात वाढप्यानं वरणाचा डाव ओतला. साडभाऊ कळवळून ओरडले, "अरे बाप्पा, सारं ब्रह्मांड बुडवलं ना!" वैशालीची पत्रिका पाहायला आलेल्या जोशीबुवांनी ग्रह वाकडे असल्याचं सांगितलं, तर हे म्हणाले, "ग्रह तं घरचे झाले महाराज. बाहेरच्या ताऱ्याईचं काही सांगता येते का?" जोशीबुवा दक्षिणा न घेता उठले.

आणि एक दिवस फोनवर वैशाली रडली. कडेचे तारे मंदावतील असं तिच्या सरांना वाटत होतं. तिच्या मोजणीत ते उलट जास्तच जोरानं पळत होते. सर म्हणाले, चूक असेल, पुन्हा मोज. तिनं वर्षभर पुन्हा मोजलं. त्या वर्षात साडभाऊ कुणाच्या लग्नात जिलबीला हात लावेनात. रोज सकाळी फोन करायचे आणि "आज काय मोजलं ते मले सांग" म्हणून सगळं पहिल्यापासून ऐकायचे. मी म्हटलं, पोरीला का छळता? तर म्हणाले, "मास्तर, मले नाही समजलं तरी चालते. तिले सांगता आलं पाह्यजे."

पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला ते मला घेऊन पुण्याला गेले. धुतलेलं धोतर, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. मागच्या रांगेत बसलो. वैशाली इंग्रजीत छान बोलत होती. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ही मोजणीतली चूक नाही हे मी कशावरून मानू? पोरगी पडद्याकडे बघत उभी राहिली. मी खाली मान घातली, आणि शेजारी साडभाऊ उभे राहिले.

"वैशे, मले सांगतलं तसं सांग ना!"

सगळं सभागृह वळलं. मी त्यांचं धोतर ओढलं. वैशालीनं मात्र त्यांच्याकडे पाहिलं आणि आमच्या वऱ्हाडीत बोलायला लागली, "बाबा, दोन येगयेगळ्या दुर्बिणीनं मोजलं, दोन्ही खेपी तेच आलं. हे तारे मुळातले तिथले नाहीत. लहान दीर्घिका जवळून गेल्या, त्याईच्यातून हे ओढल्या गेले. आता त्याईले एका दीर्घिकेची नाही, साऱ्या झुंडीची ओढ हाये. म्हणून इतक्या जोरात पळून राह्यले." मग ती परीक्षकांकडे वळली आणि हेच इंग्रजीत न अडखळता सांगून मोकळी झाली. परीक्षक मान हलवत हसले. साडभाऊंनी मागून विचारलंच, "पटलं का सायब?" मराठी न कळणाऱ्या त्या माणसाला एवढं मात्र कळलं. संध्याकाळी विमानतळावर ते परीक्षक साडभाऊंनी दिलेली मेथीची एक जुडी हातात धरून गेले म्हणे.

डॉक्टर वैशाली आता परदेशात असते. परवा साडभाऊ घरी आले, चहा पुढ्यात तसाच ठेवून बसले. पोरीला तिकडे नवं काम मिळालंय, नवी झुंड, नवी दीर्घिका. मी अभिनंदन केलं.

"मंग त्या जुनीकडं आता कोण पाहत असन?"

"कुणीतरी असेल की," मी म्हटलं.

"असन म्हणा," ते म्हणाले. "इतके वर्सं पाह्यलं ना आपण तिच्याकडं." आणि गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.