बालवाड्यांचा तक्ता

परदेशात, चोआ चू कांग नावाच्या उपनगरात राहायला आलो तेव्हा लेक तीन वर्षांची होती. घरात अखंड टकळी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. पुणं सोडल्यापासून परक्या माणसासमोर तिनं एक शब्द काढला नव्हता. ती बोलती व्हावी म्हणून बालवाडी शोधायची होती. नवऱ्यानं लगेच एक्सेल उघडलं. हा माणूस कुकर घ्यायचा असला तरी एक्सेल उघडतो.

सरकारी अनुदानाच्या तीन बालवाड्या पाहिल्या. पहिलीत मुख्याध्यापिकाबाईंनी अर्धा तास फोनिक्सचं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांचं, पुराण लावलं, मागे मुलं हाताची घडी घालून गप्प. आमच्या मराठी ग्रुपवर हिचाच उदो उदो! दुसरीनं आत न घेताच माहितीपत्रक हातात कोंबलं. तिसरी आमच्याच ब्लॉकखाली, इमारतीच्या तळमजल्यावर. भिंतीवर टूथब्रशांची रांग, जमिनीवर पातळ गाद्या, सगळीकडे तांदळाच्या पेजेचा वास. शी! मी नाक मुरडलं. तिथल्या पोक्त चिनी टीचर आमच्याकडे ढुंकूनही न बघता लेकीसमोर उकिडव्या बसल्या आणि मोडक्या इंग्रजीत लाडीगोडी करत तिला चमचाभर पेज भरवली.

"अजून," लेक म्हणाली. चक्क मोठ्यानं!

टीचरना मराठी कुठलं यायला? पण त्यांनी दुसरा चमचा भरला.

"अरे, बोलली ती!" मी नवऱ्याला म्हणाले.

"हो गं, पण यांचे इंग्रजी उच्चार ऐकलेस का?"

आणि मला, शहाणीला, ते पटलं! मूल कुठे बोललं, असा रकानाच तक्त्यात नव्हता. तो वाढवायला असा कितीसा वेळ लागला असता? पण ग्रुपवर सांगणार काय, पोरीला ब्लॉकखाली घातली म्हणून? सगळ्यात जास्त गुण पहिलीला पडले. तिथेच घातली.

जानेवारीत शाळेचं वर्ष सुरू झालं, पण तिथे ती बोलली नाही. मार्चमध्ये मी मुकाट्यानं खाली विचारायला गेले, तर जागा भरलेली.

वर्षअखेरीस प्रगतिपुस्तक आलं. बाईंनी लिहिलं होतं: अतिशय शांत, गुणी मुलगी, कसलाही त्रास नाही. नवऱ्यानं त्याचा फोटो पुण्याला पाठवला. सासूबाईंचा लगोलग फोन, "किती छान वळण लावलंत गं!"

आणि मी निर्लज्जासारखी "हो ना" म्हणाले.