त्यांचा पियानो मऊ झालाय

आमच्या दवाखान्यात कान तपासायची एक खोली आहे. खोली कसली, माणूस बसेल एवढं कपाटच. आतून जाड कापड मारलेलं, दाराला रबर लावलेलं. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." मग मी काचेबाहेर बसून एकेक सूर सोडते. पेणमधल्या कानाच्या डॉक्टरांकडे मी हे काम वीसेक वर्षं करतेय. दिवसभर सगळ्यांशी मोठ्याने बोलायचं, आणि संध्याकाळी रामवाडीला घरी आलं की बोलायला कोणी नाही, असे माझे दिवस चालले होते.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कॅनडात. आईच्या कार्याला आला, तेरावं झाल्यावर परत गेला. आमच्यात भांडण वगैरे काही नाही. आधी त्याचा फोन दर रविवारी यायचा, मग महिन्याने, मग सणावारी. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं तेव्हा फार पक्की होती, आता मलाही ती नीट सांगता येत नाहीत.

दादा अकरावीत होता आणि मी सातवीत, तेव्हा पेणच्या बाजारात कॅसेटचं एक दुकान होतं. कोरी कॅसेट दिली की दुकानदार तुम्हाला हवं ते भरून द्यायचा. दादाने तिथून एका परदेशी बँडची कॅसेट भरून आणली. त्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव सांगितलं की माणूस लगेच ऐकायला जातो आणि माझं म्हणणं राहतं बाजूला. त्यात गिटार नव्हती. पियानो, ड्रम आणि खालचे जाडे सूर धरणारं एक वाद्य, एवढंच. गाणारा पियानो वाजवायचा नाही, बडवायचा. शब्द आम्हाला निम्मेही कळत नसत. कॅसेट पुरली नव्हती म्हणून शेवटचं गाणं मध्येच तुटायचं आणि टेप खटकन थांबायचा. पुढचा भाग दादा तोंडाने रचून म्हणायचा, दर वेळी वेगळा. आई आतून ओरडायची, "बंद करा रे ते, कान किटले माझे!"

पुढे त्या बँडने पियानो सोडला. संगणकातले आवाज आले, यंत्राचा ठेका आला, दर दोन-चार वर्षांनी नवा अल्बम आला. मी सगळे ऐकले. निष्ठा म्हणा हवं तर, मला वाटतं सवयच. आणि गेल्या वर्षी बातमी आली की नव्या अल्बममध्ये ते पुन्हा पियानोकडे वळलेत, अगदी सुरुवातीला वाजवायचे तसे.

तो मी रविवारी ऐकला. जेवण उरकलं, भांडी घासली, दार लावलं आणि बसले. पियानो खरंच परत आला होता. गाणाऱ्याचा आवाज थोडा घोगरा झाला होता, पण बडवणं तेच. तिसऱ्या गाण्यात त्याने एक जुनी लकब केली, शब्द संपण्याआधीच हात उचलायची, आणि मी हसून "बघ!" म्हणाले. मान वळवून म्हणाले. शेजारच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता.

मग इतरांना काय वाटलं ते तरी बघू, म्हणून मी फोनवर लोकांची मतं वाचायला लागले. अशी एक साइट आहे, जगभरचे ऐकणारे तिथे आपलं मत लिहितात. कोणी लिहिलं होतं, शेवटी हे लोक घरी आले. कोणी लिहिलं होतं, केस पिकल्यावर शाळेचा गणवेश घालून फिरताहेत, लाज वाटते. एकजण म्हणत होता, मधली वर्षंच खरी होती, तेव्हा त्यांच्यात धाडस होतं. एका बाईने लिहिलं होतं की बँड परत आला, पण ती ज्याच्याबरोबर ऐकायची तो आला नाही. एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचं एकमत होतं: नव्या अल्बममधला पियानो कानाला टोचतो. वरचे सूर काचेसारखे वाजतात. मलाही तेच वाटलं होतं.

त्यात एक मत वेगळं होतं. साध्या, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत कोणीतरी लिहिलं होतं: 'लोक तक्रार का करतात कळत नाही. त्यांचा पियानो पूर्वीपेक्षा मऊ झालाय. वय झालं की माणूस मऊ होतो, तसा. माझ्याकडच्या कॅसेटमध्ये शेवटचं गाणं अर्धंच होतं. त्याचा शेवट मी पुष्कळ वर्षांनी ऐकला आणि मला तो आवडला नाही, कारण मनात मी दुसराच धरला होता.' खाली नाव नव्हतं.

हा दादाच. दुसरं कोण असणार? त्याच्या खाली मी लिहिलं, "दादा, तू आहेस का?"

उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी फोन खाली ठेवला नाही. एका पेशंटचा डावा कान तपासायचा तर उजव्यात सूर सोडत बसले आणि त्याचा डावा कान उत्तम आहे असं लिहायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, मराठीत.

"माफ करा, मी तुमचा दादा नाही. मी रोह्याचा. कंपनीतून रिटायर झालोय. कॅसेट पेणहून भरून आणली होती."

वाचलं आणि सगळं लक्षात आलं. दुकान तेच, गाणी तीच आणि कोऱ्या कॅसेटची लांबीही तीच. त्याने ज्याला ज्याला भरून दिली असेल, त्या प्रत्येकाचं शेवटचं गाणं अर्धं राहिलं असणार.

मला हसू यायला हवं होतं. ते काही आलं नाही. संध्याकाळी मी दादाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो गाडीत होता.

"नवा अल्बम ऐकलास?"

"कुठला गो?"

मी बँडचं नाव सांगितलं.

"अरे! अजून वाजवतात ते?" तो हसला. "पंधराएक वर्षं झाली असतील मला ऐकून. तू ऐकतेस अजून?"

"मधूनमधून."

"बरं आहे. जेवलीस का?"

मी जेवले म्हणून सांगितलं. खरं तर अजून कुकरही लावला नव्हता.

रोह्याच्या त्या गृहस्थांशी मात्र लिहिणं सुरू झालं. आधी साइटवर, मग फोनवर. त्यांनी तीस वर्षं कंपनीच्या कॉम्प्रेसर हाउसला, हवा दाबणाऱ्या मोठ्या यंत्रांपाशी, शिफ्ट केली होती. कॉलनीतल्या एका इंजिनिअरच्या खिडकीतून त्यांनी तो बँड पहिल्यांदा ऐकला आणि सरळ जाऊन दारावरची बेल वाजवली. "कॉम्प्रेसर एकाच सुरात घुमतो," त्यांनी लिहिलं, "त्याच्यावर मी मनातल्या मनात यांचा पियानो लावायचो. आठ तास कसे जायचे कळायचं नाही." मी त्यांना काका म्हणायला लागले. महिन्याभराने त्यांनी लिहिलं, "एकदा घरी या. बरोबर ऐकू. आमच्या घरात हे कोणाला आवडत नाही."

कोणाबरोबर बसून ऐकून मला किती वर्षं झाली होती, ते मोजायला नको म्हणून मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळची गाडी पकडून रोह्याला गेले. काका स्टेशनवर घ्यायला आले होते. उंच, किडकिडीत, शर्ट नीट खोचलेला. रिक्षात मी जे विचारलं त्यातलं निम्मं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रिक्षाचा आवाज असेल म्हणून मी सोडून दिलं. घरी काकूंनी तांदळाचे घावणे केले होते. त्या साळावच्या बाजूच्या, खाडीकडच्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "आलीस गो बाय, बरा झाला. तूच सांग आता यांना. एवढा मोठा लावतात, शेजारी तोंड वाकडा करतात."

"मोठा नाय लावला तर ऐकायचं काय?" काका म्हणाले आणि स्पीकर सुरू केला.

खरंच फार मोठा होता. खिडकीची काच थरथरली. नव्या अल्बमचं पहिलं गाणं वरच्या सुरांनी सुरू होतं. अगदी उजव्या टोकाच्या पट्ट्या, एकेक, थांबत थांबत. मग जाडे सूर आणि ड्रम येतात. वरचे सूर वाजत होते आणि काका स्पीकरकडे बघत स्वस्थ बसले होते, कुठेतरी रांगेत उभं असल्यासारखे. जाडे सूर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पायाने ठेका धरून ते मला म्हणाले, "हां, आता सुरू झालं बघा."

घावण्याचा तुकडा माझ्या हातातच राहिला. हा चेहरा मी रोज काचेतून बघते. सूर सोडलेला असतो आणि माणूस वाट बघत असतो.

मऊ कसा झाला पियानो, ते मला कळलं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. आम्ही पूर्ण अल्बम ऐकला. मधेमधे काका डोळे मिटून मान डोलवत होते, दोन वेळा त्यांनी मला हाताने थांबवून "हे ऐका" म्हटलं आणि मी ऐकलं. काकूंनी जाताना वालाच्या शेंगांची पिशवी दिली. परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत मी ठरवत होते की सांगायचं नाही. त्यानंतर ठरवत होते की सांगायचं. कोणा पेशंटच्या बाबतीत मला असा प्रश्न कधीच पडला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला भीती त्यांच्या कानांची नव्हती. मला पुढच्या रविवारची भीती होती. बरोबर बसून ऐकणारं एक माणूस मिळालं होतं.

शेवटी मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी दहा वर्षं सांगतेय. मी हाक मारते ती यांना ऐकू येतच नाय. मला वाटायचा, मुद्दाम करतात."

दोघं पुढच्या आठवड्यात पेणला आले. मी काकांना त्या खोलीत बसवलं, बटण हातात दिलं. जाड्या सुरांना त्यांनी पटापट बटण दाबलं. मधल्यांना थोडा वेळ लागला. मग मी वरच्या सुरांवर गेले आणि त्यांचा अंगठा थांबला. मी आवाज वाढवत गेले. ते काचेतून माझ्याकडे बघून भुवया उंचावत होते, 'सोडा की' अशा अर्थाने.

डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "यंत्रांजवळ वर्षानुवर्षं काम केलं की असं होतं. कानात बोळे घालत नव्हता का?"

"द्यायचे ना कंपनीवाले," काका म्हणाले. "पण ते घातले की मशीनचा सूर बदललेला कळत नाय. मी काढून ठेवायचो."

कानाची मशीनं लावून बघायची असतात. मी ती त्यांच्या कानांना बसवली, जुळवली. पहिलं वाक्य काकू बोलल्या, "येतंय का काय?" आणि काका दचकून म्हणाले, "ओरडतेस कशाला?" काकू रडायलाच लागल्या.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण काकांनीच खिशातून फोन काढला. "आपलं गाणं लावा," म्हणाले.

मी लावलं. वरचे सूर आले. पहिल्याच सुराला त्यांनी मान वर केली. दुसरा, तिसरा. जाडे सूर यायच्या आधी किती काय काय होतं, ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. पूर्ण गाणं होईपर्यंत ते हलले नाहीत.

"हे असं आहे?" त्यांनी विचारलं.

"मशीनमुळे सुरुवातीला थोडं टोकदार लागतं," मी म्हणाले. "सवय झाली की..."

"नाय, तसं नाय. लोक लिहीत होते ते हेच ना? काचेसारखं."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

"मला वाटलं, ते म्हातारे झाले आणि मऊ झाले." त्यांनी मशीनं हळूच काढून डबीत ठेवली. मग काकूंकडे बघितलं आणि परत लावली.

त्या आठवड्यात साइटवर गेले तर त्यांचं मत तिथे नव्हतं. त्यांनी काढून टाकलं होतं. खाली मी विचारलेला प्रश्न आणि त्यांचं उत्तरही त्याबरोबर गेलं होतं. मी लिहिलं, काढलंत कशाला, तुम्ही ऐकलं ते ऐकलं. त्यांनी फक्त नमस्काराचे जोडलेले हात पाठवले. पुढचे दोन रविवार त्यांनी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. घरी अल्बम लावावासा वाटला नाही. संध्याकाळी दार लावून बसले की रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायच्या, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "आता हाक मारली की ओ देतात. पण म्हणतात, ताटं वाजतात, पेपर वाजतो, तुझ्या बांगड्या वाजतात. दिवसभर तक्रारी. आणि गो, ते गाणं लावत नायत." मग म्हणाल्या, "मला बरा वाटत नाय. घर गप झाला. तू येतेस का रविवारी?"

मी गेले. काका पडवीत खुर्ची टाकून बसले होते, मशीनं कानांत. मला बघून उठले. "बसा," म्हणाले, आणि आम्ही हवेबद्दल, गाडीच्या गर्दीबद्दल बोललो. स्पीकरवर काकूंनी रुमाल टाकून ठेवला होता. मला वाटलं त्यांनी मला दोष द्यावा, म्हणजे काही बोलता तरी येईल. त्यांनी दिला नाही. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या दादांना कसा वाटला अल्बम? साइटवर मला दादा समजलात, त्यानंतर तुम्ही काही सांगितलं नाय."

"त्याने ऐकलाच नाही," मी म्हणाले. "तो बँड अजून आहे हेही त्याला माहीत नव्हतं." हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

काकांनी समजूत घातली नाही. मग काकूंना म्हणाले, "दुपारी जेवूनच जाईल ही," आणि वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. आम्ही तिघांनी वाल सोलले. शेंग फोडली की बारीक आवाज व्हायचा, आणि दर वेळी काका हातातल्या शेंगेकडे बघायचे.