शनिवारचं पाणी

सगुणबाब गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारापूरला एका चार्जरच्या पेटीत डोकं घालून उभी होते. मोबाइलवर त्यांच्या बायकोचं नाव दिसलं. वहिनी सहसा फोन करत नाहीत, म्हणून हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सुनंदा बाय, तुजे सगुणबाब गेले गो..." एवढंच त्या बोलल्या आणि पुढे कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. खरं सांगते, सांगायला लाज वाटते तरी सांगते... मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. मार्च संपत आला होता, जमीन तापायला लागली होती, आणि पेडण्याच्या त्या खड्ड्यात आता पाणी कोण घालणार, हा विचार दुःखाच्या आधी येऊन उभा राहिला.

हा खड्डा काय, ते सांगायला हवं. विजेच्या प्रत्येक यंत्राला जमिनीशी बांधावं लागतं. खोल खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी सोडायची, मीठ-कोळसा भरायचा. यंत्रात कुठे वीज गळलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या पट्टीवरून जमिनीत मुरावी म्हणून ही व्यवस्था. जमीन ओली असली की वीज निमूट जाते. कोरडा चिऱ्याचा दगड असला की अडते, आणि दुसरी वाट शोधते. यंत्राच्या पत्र्याला हात लावून उभा असलेला माणूस ही तिची सगळ्यात जवळची वाट. बाकी खटके असतात, यंत्र आपोआप बंद पडण्याची सोय असते, पण सगुणबाबांचा त्या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास फक्त जमिनीवर होता.

मी बेळगावजवळच्या खानापूरकडची, लग्न होऊन कारापूरला आले. माझ्याकडे पर्यवेक्षकाचा परवाना, म्हणजे कागदावर सही माझी. खड्डे आणि पट्ट्या सगुणबाबांच्या. ते मूळचे पेडण्याचे. आधी डिचोलीकडच्या खाणींच्या वर्कशॉपमध्ये वायरमन होते. खाणी बंद पडल्यावर पेट्रोल पंपांची कामं घेऊ लागले, मग सीएनजीचे पंप आले आणि शेवटी विजेच्या गाड्यांचे चार्जर. आमच्या ठेकेदाराकडे माझा पहिला दिवस होता तेव्हा एका सीएनजी पंपाचं काम चाललं होतं. फाटकाशी त्यांनी तांब्याची एक उघडी पट्टी ठोकली होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने तिला हात लावून अंगातली वीज उतरवायची, असा त्यांचा दंडक होता. कडक इस्त्रीतल्या बड्या साहेबालाही त्यांनी सोडलं नाही. साहेब हसून म्हणाले, "एवढं घाबरता?" तर सगुणबाब शांतपणे म्हणाले, "हय साहेब, भंय आसूंक जाय." भीती असायलाच हवी, हे ऐकून मी बाजूला उभी राहून हसले होते. जेवणाच्या सुट्टीत डब्यातला अर्धा उंडा पाव माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "खा गो बेळगावची बाय, हांसून पोट भरना." तिथून आमचं जमलं.

पेडण्याहून चोपड्याकडे जाताना रस्त्याला लागून एका दुकानदाराची जागा आहे. तिथे चार्जर बसवायचं काम आमच्याकडे आलं. नकाशात खड्ड्याची जागा खालच्या अंगाला, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठावर दाखवली होती. माती काळी, बारमाही ओली. इतकी चांगली जागा आमच्या वाट्याला क्वचितच येते. सगुणबाब पहार घेऊन खाली उतरले आणि पाचव्या मिनिटाला रिकाम्या हाताने वर आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "थंय राखणदाराची सुवात आसा. थंय खणूंक जायना."

खाली झाडाच्या बुंध्याशी शेंदूर न लावलेला, पण वर्षाकाठी नारळ मिळणारा एक दगड होता. गावाच्या वेशीवर रात्रंदिवस फिरणारा राखणदार, त्याची ती बसायची जागा. मी त्यावर हसले नाही. आमच्याकडेही असे दगड आहेत, आणि त्यांच्याशी कसं वागायचं हे लहानपणीच शिकवलेलं असतं. मी एवढंच म्हणाले, "मग गावात विचारूया की."

"विचारून ना म्हटलें जाल्यार?"

"तर दुसरीकडे खणू."

"आनी हय म्हटलें, आनी मागीर कोणाक कितें जालें जाल्यार?" गावाने हो म्हटलं आणि मागाहून कुणाला काही बाधलं तर, ही त्यांची भीती. त्यांनी गावात विचारलंच नाही. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या बागायती होत्या, त्यामुळे खड्डा वर, चार्जरच्या मागे घेतला. तिथे हातभर मातीखाली सलग चिरा. तीन दिवस पहारी चालल्या आणि जेमतेम खड्डा झाला. एरवी कुणी असा खड्डा खणला असता तर सगुणबाबांनी त्याची खरडपट्टी काढली असती. या वेळी पहार त्यांच्याच हातात होती.

तपासणीच्या सकाळी मी पोचले तर खड्ड्याभोवतीची जमीन ओली. आठ-पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. तपासणीच्या आधी मिठाचं पाणी ओतलं की मीटर शहाण्यासारखं वागतं. इतरांना या खोडीवरून शिव्या घालणारा माणूस मान खाली घालून उभा होता. मीटरचा आकडा, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्याचं माप, हवा तसा कमी आला. कागद माझ्यापुढे आला आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. "कर सही," ते म्हणाले. "हांव आसां मगो." ते आहेत म्हणताहेत, म्हणून मी सही केली. त्यांना दोष देऊन मोकळं होणं आज सोपं आहे, पण ओली जमीन मी डोळ्यांनी पाहिली होती आणि सही माझ्या हाताने केली होती.

त्यानंतरचा पावसाळा बरा गेला. मग उन्हाळा आला. मे महिन्यात सगुणबाबांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते दोन आठवडे दवाखान्यात होते. त्या दिवसांत चार्जरच्या पाटीवरचा माझा नंबर बघून एका बाईचा फोन आला. स्कूटर लावायला आले, म्हणाली, आणि पेटीला हात टेकला तर झिणझिण्या आल्या, खांद्यापर्यंत. कडेवर बाळ होतं हो... ती पुढे काहीतरी बोलत होती, मला ऐकू येईना. गाडी काढून मी तशीच निघाले. वाटेत सगळे देव आठवले. जाऊन आधी चार्जर बंद केला आणि मीटर लावलं. आकडा हव्या त्याच्या कितीतरी पट जास्त दिसला.

दवाखान्यात जाऊन त्यांना विचारलं. नळी लावलेला हात त्यांनी डोळ्यांवर घेतला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाऊस थांबल्यापासून दर शनिवारी सकाळी ते स्कूटरवर पाण्याचे दोन कॅन बांधून तिथे जायचे आणि खड्ड्यात ओतून यायचे. घरी सांगत, देवाला जातो. "ह्या दोन शेनवारांनी वचूंक जालें ना," ते म्हणाले आणि जाता आलं नाही म्हणून एखाद्या पोरासारखे रडले. साठी ओलांडलेला माणूस! मला राग यायला हवा होता. मी मात्र त्यांचे पाय चेपत बसले.

तेव्हाच तो चार्जर कायमचा बंद करायला हवा होता. आम्ही आणखी एक खड्डा घेतला, वीज लवकर मुरवणारी रासायनिक माती भरली, आकडा थोडा उतरला, पुरेसा नाही. मालक म्हणे, आता चालतंय ना? ठेकेदार म्हणे, कागद तर बरोबर आहेत. आणि मी घाबरले. परवाना गेला तर घर कसं चालणार, ही एक भीती. कुणाचा जीव गेला तर, ही दुसरी. पहिलीने दुसरीला दाबून टाकलं. सगुणबाब दवाखान्यातून आले, आणि त्या शनिवारी कॅन बांधून निघाले. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात माझ्या मोबाइलवर शनिवारी एकच शब्द यायचा, "घाललें." तो येईपर्यंत मी मोबाइल हातातून ठेवत नसे. पाणी ओतेपर्यंत त्यांनाही चैन नसणार. शेवटच्या वर्षी ते फार वाळले होते. त्यांच्या छातीला त्या खड्ड्याने खाल्लं की आणखी कशाने, मला ठाऊक नाही.

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी दोन कॅन घेऊन गेले. पाणी ओतताना ते चिऱ्यावर नुसतं तडतडलं आणि नाहीसं झालं. पुढच्या शनिवारी पुन्हा. तेव्हा व्हाळाच्या बाजूने एक म्हातारे काठी टेकत वर आले. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारे घाडी. "तूं कोणाची गो? सगुण खंय?"

मी सांगितलं, सगुणबाब गेले. ते काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "दर शेनवारा उदक घालतालो. आमकां दिसलें, नवस आसतलो."

मला राहवलं नाही. नकाशा, ओली माती, राखणदार, झिणझिण्या, सही... सगळं त्या अनोळखी म्हाताऱ्यासमोर एका दमात सांगून टाकलं. आता हे मला हाकलणार, असंच वाटत होतं.

"विचारूंक जाय आसलें," ते म्हणाले. विचारायला हवं होतं, हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. "राखणदार लोकांची राखण करता गो. लोकांक राखपाक खड्डो मारतात, ताका तो कित्याक ना म्हणटलो? फातर सोडून दोन हात पयस खण. नारळ हाड, गाराणें हांव घालतां."

एवढंच होतं. दगडापासून दोन हात लांब खणायचं, एक नारळ आणि एक प्रश्न.

त्याच दुपारी मी चार्जर बंद करून कुलूप लावलं, मालकाला आणि ठेकेदाराला सगळं लेखी कळवलं, माझ्या सहीसकट. परवान्याचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. मालकाने आरडाओरडा केला, पण खणायला हरकत घेतली नाही. घाडींनी गाऱ्हाण्यात सगुणबाबांचं नाव घेतलं, चुकलं-माकलं पदरात घे म्हणाले. व्हाळाकाठी पुरुषभर खोलीवर पाणी लागलं. मीटर तीनदा लावलं, तिन्ही वेळा आकडा एकच्या आत. सगळे हसत होते. मला मात्र इतका संताप आला की तिथल्या तिथे सगुणबाबांना हाका मारून भांडावंसं वाटलं. मग आठवलं, मीही कुठे विचारलं होतं? माझं तर हे गाव नव्हतं, मला कसली भीड होती?

वहिनींना मी हे सगळं जाऊन सांगितलं. त्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तांकां इतलो भंय दिसतालो? म्हाका केन्नाच सांगलें ना." तेवढंच. मग आत जाऊन चहा ठेवला.

परतताना त्या रस्त्याने आले. नव्या खड्ड्याला जोडलेला चार्जर पुन्हा सुरू होता. एक गाडी लागली होती, बाप फोनवर बोलत होता आणि त्याची चार-पाच वर्षांची मुलगी दोन्ही तळवे पेटीच्या पत्र्यावर दाबून, त्यावर गाल टेकून उभी होती. मीटर मी स्वतः लावलं होतं. सगळं ठीक आहे हे मला ठाऊक होतं. तरी गाडी कशी थांबवली आणि तिथवर कशी धावले, आठवत नाही. सगुणबाब कुठल्याही पत्र्याला आधी हाताची पाठ लावायचे, तळवा कधी नाही. वीज असली तर तळव्याची मूठ आवळते आणि सुटत नाही. खाणीत त्यांचा एक सोबती असा सुटला नव्हता. मी मुलीच्या शेजारी उभी राहिले आणि हाताची पाठ पत्र्याला लावली. मग उलटवून तळवा लावला. ती माझ्याकडे बघून हसली आणि जरा सरकून तिने मला जागा करून दिली. पत्रा उन्हाने तापला होता, एवढंच.