अरेकाला लागलेला नारळ

विश्रांतवाडीत आमच्या फाटकाशी रोज सकाळी एक माकडटोपीवाले गृहस्थ थांबत आणि माझ्या कुंडीकडे बघून विचारत, "नारळ कधी धरणार?"

"अहो, हा अरेका पाम. पिवळ्या दांड्यांचा झुपका दिसत नाही? शोभेचा असतो. उन्हात करपतो, म्हणून सावलीत ठेवलाय."

"लाड करता, म्हणून धरत नाही."

एकदा त्यांनी पिशवीतून शेंडीवाला नारळ काढला आणि सुतळीने झाडाला बांधला. "कळू दे त्याला, आपल्याकडून काय अपेक्षा आहे."

मी भयंकर चिडलो, पण नारळ काही सोडला नाही. रविवारी तो आपोआप पडला. मी वड्या करून शेजारी वाटल्या, घरच्या झाडाच्या म्हणून.

त्यांनाही एक दिली. चघळत म्हणाले, "पहिला बहर ना, गोडी जरा कमीच."